ठिपके बरोबर, अक्षरे भलतीच

प्रश्न : ब्लूटूथवर चालणारा ब्रेल कीबोर्ड फोनला जोडला आहे. इंग्रजी नीट उमटते. मात्र भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या सामाईक ब्रेल लिपीत) ‘मराठी’ लिहिले की फोन एम, आर, डब्ल्यू अशी अक्षरे वाचतो. कीबोर्ड बिघडला आहे का?

उत्तर : नाही. ठिपक्यांवरून अक्षर ठरवणारे टेबल इंग्रजीचे लागले आहे. ब्रेलच्या सहा ठिपक्यांना क्रमांक असतात : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. म आणि एम दोन्ही १-३-४, र आणि आर दोन्ही १-२-३-५. ठ मात्र २-४-५-६, आणि इंग्रजीत तोच डब्ल्यू.

हे टेबल कीबोर्डात आहे की फोनमध्ये, ते आधी शोधा. त्यासाठी स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचे वाचून दाखवणारी सोय; आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक) क्षणभर बंद करून काही अक्षरे टाइप करा आणि तो पुन्हा सुरू करून वाचा. (सुरू करण्याचा शॉर्टकट आधीच लावून ठेवा : अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरणे, आयफोनवर बाजूचे किंवा होम बटण तीनदा दाबणे.) अक्षरे उमटली असतील, तर कीबोर्ड फोनला तयार अक्षरेच पाठवतो आहे. मग फोनच्या ब्रेल सेटिंग्जमध्ये काहीही बदलले तरी फरक पडणार नाही. भाषा कीबोर्डातच बदलावी लागेल. त्यात मराठी नसेल, तर त्याच कीबोर्डाला ब्रेल डिस्प्ले (ठिपक्यांत मजकूर दाखवणारे उपकरण) म्हणून जोडण्याची सोय आहे का ते पाहा.

तशा जोडणीत फोनला नुसते ठिपके मिळतात आणि अक्षर फोन ठरवतो. (वरच्या चाचणीत काहीच उमटले नसेल, तर बहुधा ही जोडणी आधीच झालेली आहे.) आयफोनवर ही जोडणी नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून करू नका. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ब्रेल या क्रमाने जा आणि तिथेच उपकरण निवडा. अँड्रॉइड १३ पासून ही सोय टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्येच आहे. दोन्हीकडे ब्रेलच्या भाषांमध्ये मराठी जोडा. ती यादीत नसेल तर हिंदी लावून पाहा. भारती ब्रेलमुळे बहुतेक अक्षरे तीच असतात. फक्त ळ, ॲ आणि ऑ एकदा तपासून घ्या.

जोडाक्षराबद्दल एक सूचना. हलन्ताचा ठिपका ४ व्यंजनाच्या आधी येतो, म्हणून ‘ब्रेल’ असा लिहायचा : ४, १-२, १-२-३-५, १-५, १-२-३. शब्द अर्धवट असताना फोन काही विचित्र बोलला, तर लगेच खोडू नका. स्पेस देऊन मग ऐका.

प्रश्न : वेगाने लिहिताना अक्षरे गळतात. ‘कला’ लिहिले की ‘ला’ उरतो.

उत्तर : सगळी बोटे उचलली गेल्यावरच अक्षर नोंदले जाते. क (१-३) ची बोटे सुटण्याआधी ल (१-२-३) दाबला, तर दोन्ही मिळून एकच ल होतो. वेग कमी करण्यापेक्षा बोटे पूर्ण उचलण्याची सवय लावा. वेग आपोआप परत येतो.

चूक दर वेळी एकाच प्रकारची असेल, तर कारण वेगळे. ल चा ब आणि क चा अ होत असेल, तर ठिपका ३, म्हणजे डाव्या अनामिकेचे बटण, लागत नाही. बटणाच्या कडेची धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा. केवळ पहिलेच अक्षर जात असेल, तर कीबोर्ड झोपेतून जागा होतो आहे. लिहिण्याआधी एकदा स्पेस दाबा.

प्रश्न : स्क्रीनवरचा ब्रेल कीबोर्ड असताना वेगळे उपकरण घ्यावे का?

उत्तर : आधी स्क्रीनवरचाच पुरेसा वापरून पाहा, आयफोनवर तो २०१४ पासून आहे, टॉकबॅकमध्ये २०२० पासून. ढ लिहून पाहा. त्याला सहाही ठिपके लागतात, आणि काही फोनचे स्क्रीन एका वेळी पाचच बोटे ओळखतात. तिथे सहा बोटे एकदम टेकवून ढ उमटणार नाही. ल, ळ यांसारखी तीन ठिपक्यांची अक्षरे अडत असतील, तर तीन बोटांनी स्क्रीनशॉट घेण्याची सोय बंद करा. एवढे करूनही लांब मजकूर लिहिताना बोटे जागेवरून सरकत असतील, तर मात्र बटणांचे उपकरण जरूर घ्या. बोटाखाली कड लागते, त्यामुळे जागा हरवत नाही. घेण्याआधी दुकानातच ‘मराठी’, ‘ब्रेल’ आणि ढ असलेला एखादा शब्द लिहून पाहा.