आउटलुक उघडत नाही, दुरुस्तीवाला फॉरमॅट मारायला सांगतोय. मारू का?

नाही. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच घेऊन जा, आणि त्या माणसाला आज चहा पाजून परत पाठवा.

तुम्ही लिहिलंय की आउटलुक, म्हणजे तुमचं मेलचं सॉफ्टवेअर, उघडायला गेलं की निळी चौकट येते, 'लोडिंग प्रोफाइल' म्हणत दोन मिनिटं थांबते आणि गपचूप निघून जाते. क्रोम चालू आहे, टॅली चालू आहे, प्रिंटर चालू आहे. तरी दुरुस्तीवाल्याचं निदान काय, तर विंडोज करप्ट. विंडोज करप्ट असती तर फक्त आउटलुकवरच कशी रुसली असती? असो. या एका शब्दावर, म्हणजे 'फॉरमॅट'वर (डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं), माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं गेली कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमचं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेरून घ्यायची, मशीनिंग करून पुण्याला पाठवायची. दादा शॉप फ्लोअर बघतो, मी कोटेशन, पत्रव्यवहार, बिलं. 2009 मध्ये ऑफिसात एकच धड कॉम्प्युटर होता, एक्सपी आणि आउटलुक 2007 वाला. मेल पॉप खात्यावर यायची, म्हणजे सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घ्यायची. होस्टिंगवाल्यानं दिलेली पेटी इतकी लहान की चार ड्रॉइंग आली की भरायची, म्हणून 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची खूण मी स्वतःच काढून टाकली होती. म्हणजे मेल एकदा आमच्या मशीनवर उतरली की जगात दुसरीकडे कुठंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फेब्रुवारीत मी सासुरवाडीला बेळगावला गेलो होतो, मेव्हणीच्या साखरपुड्याला. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन, "अरे ते मेलचं उघडंना झालंय." तुमच्यासारखंच, चौकट यायची आणि जायची. मी म्हटलं, संध्याकाळी येतोय, हात लावू नका. दादा बरं म्हणाला. दुपारी बंगळूरहून कुणाची तरी चौकशी यायची होती, म्हणून त्यानं आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि तुमच्यावाला जे म्हणतोय तेच म्हटलं. दादानं एवढं मात्र विचारलं, "डाटा जाणार न्हाई न्हवं?" तो म्हणाला, "सगळा बॅकअप घेतो की."

आणि खरंच घेतला. डेस्कटॉप घेतला, माय डॉक्युमेंट्स घेतलं, टॅलीचं फोल्डर घेतलं, पुतण्याचे गणपतीतले फोटोसुद्धा घेतले. आउटलुकची फाइल घेतली नाही, कारण ती यातल्या कशातच नव्हती. त्या काळी ती 'लोकल सेटिंग्ज'च्या आत 'ॲप्लिकेशन डेटा'च्या आत असायची, आणि लपवलेले फोल्डर दिसायचं सेटिंग चालू केल्याशिवाय तिथवर वाट दिसतच नाही. बिचाऱ्याला दिसली नाही. बिचारा मी आज म्हणतोय, त्या दिवशी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी मी आलो तर आउटलुक झकास उघडत होतं. कोरं करकरीत, इनबॉक्समध्ये शून्य. 2005 पासूनची सगळी मेल गेली.

दादा म्हणाला, "चालू झालं ना? मग झालं तर."

आता खरी गंमत ऐका. तीन आठवड्यांनी तेच दुखणं परत. नवी विंडोज, नवं ऑफिस, तरी चौकट यायची आणि जायची. मी फोन केला तर कॉम्प्युटरवाला म्हणतो, "साहेब, परत एकदा मारूया फॉरमॅट." त्याच्याकडं तेवढंच औषध होतं. मी म्हटलं, आता तू येऊ नकोस. रात्री जेवून परत ऑफिसला गेलो आणि एकटाच बसलो. कुठंतरी वाचलं होतं की कंट्रोल बटण दाबून धरायचं आणि तसंच आउटलुकच्या आयकॉनवर डबल क्लिक करायचं, ते विचारतं, सेफ मोडमध्ये उघडू का? हो म्हणायचं.

उघडलं. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात.

सेफ मोडमध्ये आउटलुक बाहेरच्या मंडळींना, म्हणजे ॲड-इन्सना (दुसऱ्या सॉफ्टवेअरनी आत घुसवलेल्या जोडण्यांना), दारात थांबवतं आणि एकटं आत येतं. तसं उघडलं याचा अर्थ आउटलुक ठणठणीत आहे, मेलची फाइल बहुधा ठणठणीत आहे, आणि भांडण कुठल्यातरी ॲड-इनचं आहे. मग टूल्स, ट्रस्ट सेंटर, ॲड-इन्स, आणि तिथली यादी बघितली. जानेवारीत त्याच कॉम्प्युटरवाल्यानं कोटेशनची पीडीएफ करायला एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, त्यानं आउटलुकमध्ये आपलं एक बटण घुसवलं होतं. फॉरमॅटनंतर मीच त्याला तेवढं पीडीएफचं परत टाकून द्यायला सांगितलं, आणि त्यानं तेच टाकलं. मी त्याच्यापुढची खूण काढली, बंद केलं, नेहमीसारखं उघडलं. चाललं. म्हणजे पहिल्या वेळचं दुखणंही एका खुणेचंच होतं, आणि त्या खुणेसाठी आम्ही चार वर्षांची मेल जाळली.

हे दादाला सकाळी सांगितलं तर म्हणाला, "आता कळलं न्हवं? मग झालं."

झालं नव्हतं. मे महिन्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आली. 400 नग, 40 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे भोक. जुन्या ड्रॉइंगवर एच-8, नव्या रिव्हिजनमध्ये एच-7. या धंद्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, भोकाच्या मापात चालणारा फरक 39 मायक्रॉनवरून 25 वर आला. आम्ही जुन्या ड्रॉइंगनं केलेला लॉट त्यांच्या इन्स्पेक्शननं नापास केला. पण तिथल्या खरेदी अधिकाऱ्यानं जानेवारीत मला स्पष्ट मेल केली होती की चालू लॉट जुन्या ड्रॉइंगनं चालेल, नवं पुढच्या लॉटपासून. ती मेल मी वाचली होती, शॉपवर सांगितली होती, प्रिंट मात्र काढली नव्हती. तो अधिकारी एप्रिलमध्ये नोकरी सोडून गेलेला. नव्या माणसानं विचारलं, "तुमच्याकडे लेखी आहे का?"

होतं, असं सांगून काय उपयोग.

फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरून फाइल परत काढायचा प्रयत्न केला. पण त्याच सी ड्राइव्हवर नवी विंडोज, नवं ऑफिस आणि तीन महिन्यांचं काम चढलं होतं. हाती जे आलं त्यात मेल म्हणावी असं काही नव्हतं. शेवटी अर्ध्या रकमेवर तोड झाली. दादाचं म्हणणं आजही असं आहे की, मेल दाखवली असती तरी त्यांनी ऐकलं नसतं, मोठ्या कंपन्या तशाच असतात. माझं म्हणणं, ऐकलं असतं. गिऱ्हाइकाच्या हातात कागद ठेवला की त्याचा आवाज बदलतो, हे मी या खुर्चीवर बसून अनेकदा बघितलंय. दादा खुर्चीवर बसत नाही.

आणि एक गोष्ट त्याला मी त्याच्याच भाषेत सांगितली होती. लेथ बंद पडला तर मिस्त्री येतो, बेल्ट बघतो, बेअरिंग बघतो. लेथ बंद पडला म्हणून कुणी गिऱ्हाइकाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून कास्टिंग ओततात तो लाकडी नमुना, चुलीत घालतं का? आउटलुक म्हणजे लेथ, मेलची फाइल म्हणजे पॅटर्न. यावर तो हसला होता, पण कबूल झाला नाही.

बरं, तुमचं. आधी सगळं बंद करून टास्क मॅनेजर उघडा आणि मागं एखादं आउटलुक अर्धमेलं पडून राहिलंय का बघा. असेल तर ते संपवा आणि परत उघडून बघा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं, आणि दुरुस्तीवाला याचेही पैसे घेतो. नाही भागलं तर वर सांगितलेली कंट्रोलची युक्ती. सेफ मोडमध्ये उघडलं तर आता ॲड-इन्सची यादी फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथं असते, खाली 'कॉम ॲड-इन्स' निवडून 'गो' दाबा. सगळ्या खुणा काढा, मग रोज एकेक लावत जा. ज्या दिवशी अडकेल त्या दिवशी चोर सापडला.

सेफ मोडमध्येही उघडलं नाही तर पुढं काहीही करायच्या आधी फाइल शोधा. आउटलुक 2010 पासून नव्या पॉप खात्याची फाइल डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स'मध्ये असते, पण जुन्या मशीनवरून आलेली असेल तर कुठंही असू शकते. कंट्रोल पॅनेलमधलं 'मेल' उघडा, त्यातल्या 'डेटा फाइल्स'मध्ये तिचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. आउटलुक उघडत नसलं तरी हे उघडतं. डॉट पीएसटी नावाची ती फाइल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मगच पुढचं. त्याच 'मेल'मध्ये नवीन प्रोफाइल (आउटलुकची खात्यांची मांडणी) बनवून जुनी फाइल त्यात जोडून बघा. फाइलच दुखावली असेल, म्हणजे चालू असताना लाइट गेली वगैरे, तर ऑफिसच्याच फोल्डरमध्ये स्कॅनपीएसटी नावाचं हत्यार येतं. ते कॉपीवर चालवा, मूळ फाइलवर नको. एकदा चालवून चुका दाखवल्या तर परत चालवा. तीन-चार फेऱ्या लागतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की आउटलुक सोडून थंडरबर्ड घेऊ का. घ्या, फुकट आहे, चांगलं आहे. पण त्याची मेलही तशाच लपलेल्या फोल्डरमध्ये बसते, आणि फॉरमॅट मारणारा माणूस तोच असेल तर फरक काहीच पडणार नाही. आमचा पुतण्या म्हणतो सगळं जीमेलवर न्या, कटकटच नको. दादाही हल्ली त्याची री ओढतो, जणू 2009 ला जीमेल नव्हतं म्हणून घोटाळा झाला. होतं. आपण वापरत नव्हतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचं खातं कंपनीच्या सर्व्हरवरचं असेल आणि फाइल पीएसटी नसून ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची तुमच्या मशीनवरची प्रत) असेल तर घाबरू नका, ती सर्व्हरवरून परत तयार होते. त्यात 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेले फोल्डर असतील तर मात्र घाबरा, ते फक्त तुमच्याकडंच आहेत. उजव्या कोपऱ्यातलं 'न्यू आउटलुक'चं बटण चालू करून नवं आउटलुक वापरत असाल तर कंट्रोलची युक्ती आणि जुने ॲड-इन्स त्याला लागू नाहीत, तो वेगळाच प्राणी आहे. आणि डिस्क खरखर आवाज करत असेल किंवा साधी फाइल कॉपी व्हायलाही अर्धा तास घेत असेल, तर माझं सगळं विसरा, मशीन बंद करा आणि डेटा काढणाऱ्या माणसाकडं न्या. तिथं दुरुस्तीवाला कदाचित बरोबर असेल. फॉरमॅटबद्दल नव्हे, 'हे मशीन गेलं' याबद्दल.

आणि हो, बॅकअप घेणं हे काम माझं होतं. दादाचं नव्हतं, कॉम्प्युटरवाल्याचंही नव्हतं. सर्व्हरवरची प्रत मी बंद केली आणि बदल्यात दुसरीकडे काहीच ठेवलं नाही. हे मी दादाला अजून तोंडावर म्हटलेलं नाही, कारण त्यानंतर तो "मग झालं तर" म्हणेल.

तो कॉम्प्युटरवाला अजून आमच्याकडं येतो. मागच्या महिन्यात अकाउंट्सच्या पोरीचं मशीन बघायला आला होता. खुर्ची ओढली, आणि माऊसला हात लावायच्या आधी तिला विचारलं, "मॅडम, पीएसटी कुठाय?" दादा तिथंच उभा होता. माझ्याकडं न बघता खाली शॉपवर निघून गेला.