ओढ्यात अकीक (अगेट, पट्टेदार दगड) शोधायला गटाने जाताना हातोडे किती न्यावेत? आणि सापडलेले दगड आपसात कसे वाटून घ्यावेत?

हातोडे शून्य.

तुम्ही लिहिलंय की बारा-पंधरा जण आहात, सगळे नवखे, आणि माणशी एक हातोडा पुरेल की मोठा घणही घ्यावा. वाटणीचं तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलंय. पण आमच्या घरात हे दोन प्रश्न एकाच मिनिटात, एकाच दगडावर सुटले होते आणि त्यावरून अजून धुसफूस चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अकीक लाव्हातल्या पोकळ्यांत तयार होतो, हे तुम्हाला माहीत असणारच. तो ओढ्यात कसा येतो याचा मात्र कुणी विचार करत नाही. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक, हवापाण्याने कुजतो, सुटा होतो, त्याची माती होते. अकीकाचा काठिण्यांक दहाच्या मापात साडेसहा ते सात, त्यामुळे भोवतालचा खडक गेला तरी तो शिल्लक राहतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली येतो. म्हणजे खडकातून दगड सोडवायचं काम आधीच झालेलं असतं. गुजरातेतल्या रतनपूरला खाणी आहेत, तिथेही अकीक काढतात तो थेट लाव्हाच्या खडकातून काढत नाहीत, जुन्या नद्यांनी साचवलेल्या गोट्यांच्या थरातून काढतात. ओढ्यात तुम्हाला वाकायचं आहे, बघायचं आहे आणि उचलायचं आहे. यात हातोडा कुठे बसतो?

आमच्या गटात घरचे, नणंदेकडचे आणि काही शेजारी होते. धाकट्या दिरांकडे नवाकोरा भूशास्त्रीय हातोडा होता, एका बाजूला चपटा, दुसऱ्या बाजूला टोकदार. तो कमरेला अडकवून भावोजी सगळ्यांच्या पुढे. सकाळभर ते दिसेल तो गोटा फोडत गेले. साधा काळा दगड निघाला की पुढचा. त्या ठक्-ठक् आवाजाने बाकीच्यांनाही वाटायला लागलं की शोधणं म्हणजे हेच.

भाची मात्र मागे राहिली होती. ओढा जिथे वळतो तिथे आतल्या बाजूला गोट्यांचा पट्टा साचतो, त्या कोरड्या पट्ट्यावर ती उकिडवी बसून होती, तोंड सूर्याकडे. तिने हाक मारली, "मामी, हा बघा." मुठीत मावेल एवढा गोटा. वरून अगदी ओबडधोबड, खळगे पडलेले, खळग्यांत हिरवट पूड बसलेली. एका कडेची साल वाहून वाहून गेली होती आणि तिथे आतला मेणचट राखाडी भाग उघडा पडला होता. त्या गुळगुळीत भागावर नखाच्या कोरीसारख्या बारीक खुणा होत्या, गोटे एकमेकांवर आपटून उठलेल्या. मी थुंकी लावून पुसला (सगळे तसंच करतात, कुणी लिहीत नाही इतकंच) आणि उन्हात धरला. कड उजळली. आत तांबूस रेषा, एकीला लागून दुसरी, कोपऱ्यापाशी एकदम वळणाऱ्या. असा अख्खा, न फुटलेला गोटा ओढ्यात रोज मिळत नाही. बहुतेक वेळा तुकडेच मिळतात.

तेवढ्यात भावोजी आले. "बघू इकडे." हातात घेऊन दोनदा वर उडवला. "हलका लागतोय. आत पोकळ आहे. स्फटिक असणार, बघाच तुम्ही." मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत दगड एका शिळेवर ठेवलासुद्धा.

पहिल्या घावाला काही झालं नाही, नुसता पांढरा डाग उठला. अकीक चिवट असतो, प्रयोगशाळेतले खलबत्ते उगाच अकीकाचे करत नाहीत. दुसऱ्या घावाला तो निसटला. तिसऱ्याला त्याचे तुकडे झाले आणि त्यातला एक शेजारच्या मुलाच्या कपाळाजवळून गेला. हे तुकडे काचेसारखे धारदार असतात आणि चष्मा कुणीच लावला नव्हता. त्यावर भावोजींनी काय करावं? त्यांनी ते तुकडे गोळा केले आणि प्रसाद वाटावा तसे एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवले. "घ्या, सगळ्यांना सारखी वाटणी." भाची म्हणाली, "मला नको."

मी माझा तुकडा बघत राहिले. बाहेरच्या बाजूला कडेकडेने वळत जाणारे पट्टे आणि त्यांच्या आत एका ठिकाणी अगदी सरळ, समांतर, सपाट रेषा. पोकळीच्या तळाशी सिलिका, म्हणजे अकीक ज्याचा बनतो ते द्रव्य, आडवी साचत गेली की अशा रेषा उमटतात. अख्ख्या दगडात त्या दिसल्या तर तो लाव्हात असताना त्याची खालची बाजू कुठली होती हे सांगता येतं. नीट आडवा कापला असता तर एकाच कापात वळणारे पट्टे, सपाट थर आणि मधलं स्फटिक असं सगळं दिसलं असतं. माझ्या हातात कोपरा होता.

भावोजींचं म्हणणं त्या दिवसापासून एकच, "फोडल्याशिवाय कळणार कसं, वहिनी?" दर वेळी दगडांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. तर कसं कळतं ते सांगते.

आधी "हलका लागतोय" याबद्दल. अकीकाची घनता साधारण २.६, ताज्या बेसॉल्टची २.९ च्या आसपास. सकाळभर काळे गोटे हाताळलेल्या माणसाला त्याच आकाराचा भरीव अकीकही हलकाच लागणार. संध्याकाळी मी सगळ्यांकडून ते तुकडे परत मागून घेतले, घरी वजन केलं, जवळजवळ दोनशे ग्रॅम भरले. दोनशे ग्रॅम अकीक म्हणजे सुमारे ७७ घनसेंटीमीटर. तेवढ्याच आकाराचा बेसॉल्ट २२३ ग्रॅम भरला असता. हातात जो फरक जाणवला तो एवढाच, दहा टक्क्यांचा, आणि तो भरीव दगडाचाच होता. पोकळीमुळे अकीक आणखी दहा टक्के हलका व्हायचा तर पाच सेंटीमीटरच्या त्या गोट्यात अडीच सेंटीमीटर व्यासाची पोकळी लागली असती. तुकडे जुळवून पाहिले तेव्हा मध्यभागी स्फटिकांच्या टोकांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट निघाली. त्यावर भावोजी म्हणाले, "म्हणजे पोकळी होतीच ना!"

हे सगळं न फोडताही कळलं असतं. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कोरड्या दगडाचं वजन लिहून ठेवा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटीमीटर दगडाचं आकारमान. वजनाला त्याने भागा. २.६ च्या जवळ आलं तर भरीव. २.२-२.३ आलं तर आत चांगली मोठी पोकळी असण्याची शक्यता आहे. दगडाला आरपार तडा असेल तर पाणी आत शिरतं आणि हिशोब चुकतो, तेवढं बघा. कॅल्साइट हे दुसरं खनिज अकीक समजून उचललं जातं, त्याची घनता २.७, म्हणजे या हिशोबात तो वेगळा ओळखता येणार नाही. त्याला चाकूच्या टोकाने ओरखडा पडतो, अकीकाला पडत नाही. शिवाय कॅल्साइट सपाट पृष्ठांवर फुटतो आणि ती पृष्ठं उन्हात चमकतात. अकीकाची फूट गोलाकार, शिंपल्याच्या आतल्या भागासारखी. बाटलीच्या काचेचे झिजलेले तुकडे मात्र नवख्यांना हमखास फसवतात, कारण तेही उन्हात धरले की उजळतात. त्यांत पट्टे शोधा आणि बुडबुडे शोधा. बुडबुडे दिसले तर काच.

आत काय आहे ते बघायचंच असेल तर कापून घ्या. हिऱ्याची कड असलेल्या पात्याने, पाणी सोडत कापतात. कोरडं कधीही नाही, कारण ती धूळ सिलिकाची असते आणि फुप्फुसात गेली की परत निघत नाही. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो तो याच धुळीने. हातोड्याने दगड फुटला नाही तरी घावाखाली आत तडे जातात आणि पुढे कापताना तो नेमका तिथेच उकलतो. म्हणून "हळूच एक टिचकी मारून बघू" हाही प्रकार नको.

आता तुमच्या गटाचं. इतके जण एकाच वेळी एकाच जागी ओणवे झाले तर पाणी गढूळ होऊन कुणालाच काही दिसत नाही. खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध चाला, म्हणजे ढवळलेला गाळ मागे वाहून जातो. कोरड्या पट्ट्यांवर शक्य तेव्हा सूर्याकडे तोंड करून शोधा, ऊन तिरपं असताना. तुमच्यात आणि सूर्यात जो दगड येतो त्याची कड उजळते. पुढच्यांनी बघून सोडलेल्या जागीही मागच्यांना सापडतं, कारण उभं राहण्याचा कोन बदलतो. तेव्हा पुढे जायची शर्यत लावू नका. वळणाच्या आतल्या बाजू, मोठ्या शिळांच्या मागचा आडोसा, तळाच्या खडकातल्या भेगा, या जागा आधी बघा. पूर येऊन गेल्यावर गोटे उलटेपालटे होतात, त्यानंतर गेलात तर उत्तम. एकाला सापडलं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात, ते थांबवणं मला कधी जमलेलं नाही.

रंगांची फार अपेक्षा ठेवू नका. दुकानातल्या गडद निळ्या-गुलाबी चकत्या बहुतेक रंगवलेल्या असतात. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनच्या कारागिरांनी १९व्या शतकात ते तंत्र पार पक्कं केलं. ओढ्यात तुम्हाला राखाडी, दुधी, तपकिरी, क्वचित तांबडा मिळेल. लोहाच्या ऑक्साइडचा तांबडा मिळाला तर नशीब समजा.

वाटणी: ज्याला सापडला त्याचा. सगळं एका ढिगात घालून सारखं वाटायचं असं आमच्यात अजूनही कुणीतरी सुचवतं, ऐकायला छान वाटतं. पण मग दिवसभर उन्हात वाकलेल्याला आणि सावलीत बसून गप्पा मारलेल्याला सारखंच मिळतं, आणि पुढच्या वेळी सगळेच सावलीत बसतात. एकाने दाखवला आणि दुसऱ्याने उचलला तर दाखवणाऱ्याचा. लहान मुलांच्या हातातला दगड "बघू जरा" म्हणून घेतला तर परत त्याच हातात द्यायचा. आणि फोडायचा, कापायचा की तसाच ठेवायचा हे फक्त मालकाने ठरवायचं, मग मालक बारा वर्षांचा का असेना. हे निघायच्या आधीच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, विशेषतः ज्याच्याकडे हातोडा असेल त्याच्यासमोर.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जागा कुणाच्या मालकीची असेल तर परवानगी घ्या. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून किंवा संरक्षित ठिकाणाहून दगड उचलू नका. वरच्या अंगाला ढग दिसले तर पात्रातून बाहेर या, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. ओढ्याचं पाणी तिकडून येतं. शेवाळलेल्या गोट्यांवर चपला घालून चालू नका.

हातोड्याचंही थोडं मवाळ करते. जिथे खडकातून नमुने काढायला परवानगी आहे आणि तुम्हाला खडकच अभ्यासायचा आहे, तिथे तो लागतो, आणि तेव्हा चष्माही लागतो. तुम्ही ओढ्यात जाताय. अगदीच राहवत नसेल तर एक न्या आणि गटातल्या सगळ्यात आळशी माणसाकडे द्या.

पॉलिशबद्दलही विचारलंय. टंबलरमध्ये, म्हणजे दगड फिरवत घासणाऱ्या पिंपात, टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणारी सिलिकॉन कार्बाइडची पूड वापरतात आणि साधारण महिनाभर लागतो. तडे गेलेला दगड आत टाकू नका. त्याचे कपचे निघून बाकीच्यांना ओरखडतात.