तीन किलोची अख्खी मांडी ओव्हनमध्ये किती वेळ भाजायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सणाच्या दिवशी दुपारी एक वाजता दहा माणसं जेवायला आहेत, कोकराची हाडासकट तीन किलोची मांडी ओव्हनमध्ये अख्खी भाजायची आहे, किलोमागे किती मिनिटं धरायची? आणि बाहेरून करपून आत कच्ची राहू नये म्हणून काय करायचं?

आधी एक चांगली बातमी. माप बरोबर घेतलंय. हाडासकट तुकडा असेल तर माणशी ३०० ते ३५० ग्रॅम कच्चं मांस धरतात, त्यामुळे दहा जणांना पुरेल.

आता किलोमागच्या मिनिटांचं. हा हिशोब मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. उष्णता बाहेरून आत जाते, त्यामुळे वेळ ठरते ती तुकड्याच्या जाडीवर, वजनावर नाही. दीड किलोचा एक लांबट तुकडा घ्या आणि त्याच जाडीचा, पण दुप्पट लांबीचा तीन किलोचा तुकडा घ्या. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी तयार होतील. उलट जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नाही, त्याहून बरीच जास्त लागते. त्यात कोणाचा ओव्हन १८० वर लावला की खरोखर १८० होतो आणि कोणाचा १६० लाच थांबतो. अशा परिस्थितीत ‘किलोमागे ४० मिनिटं’ म्हणजे अंधारात तीर.

त्यापेक्षा आत खुपसायचा एक डिजिटल थर्मामीटर घ्या. या सगळ्या प्रकरणात पैसे खर्च करण्यासारखी वस्तू ही एकच. वायर बाहेर काढून ओव्हनचं दार लावता येतं असा मिळाला तर उत्तमच. आणल्यावर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवून बघा, शून्य दाखवायला हवं. मांडीत खुपसताना टोक सगळ्यात जाड भागाच्या मधोमध यायला हवं आणि हाडाला लागता कामा नये. हाडाजवळचा आकडा फसवा असतो. शंका आली तर दोन-तीन ठिकाणी खुपसून बघा आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा खरा माना.

कोणता आकडा गाठायचा हे तुकडा कुठला आहे त्यावर ठरतं. साधारण ५० अंशांपासून मांसातली प्रथिनं आवळायला लागतात, ६० च्या पुढे धाग्यांभोवतीची आवरणं आकसून आतला रस पिळून बाहेर काढतात आणि ७० ओलांडलं की मांडी, पाठ, बरगड्यांचा भाग असे तुकडे कोरडे पडतात. खांद्याचं मात्र उलटं. त्यात चिवट पडदे आणि शिरा भरपूर, आणि त्या विरघळून मऊ व्हायला ८० च्या वरचं तापमान आणि वरून काही तास लागतात. खांदा ६३ वर काढला तर वातड लागेल, ९० ला नेला तर काट्याने सुटा होईल. तुम्ही हे पहिल्यांदाच करत असाल आणि मांडी अजून विकत घेतली नसेल, तर मी खांदाच घ्या म्हणेन. झाकून १५० वर चार-पाच तास ठेवला की तासभर इकडे तिकडे झालं तरी तो रागावत नाही. मांडीचं तसं नाही, तिथे दहा मिनिटांनीही फरक पडतो.

मांडीच करायची असेल तर शेवटचा आकडा ६३ धरा. अख्ख्या तुकड्यासाठी अमेरिकी कृषी खात्याचा सुरक्षिततेचा आकडा हाच आहे: ६३ अंश आणि मग किमान तीन मिनिटं तसंच ठेवणं. या तापमानाला आतून हलका गुलाबीपणा राहतो. ५७ वर काढून अगदी गुलाबी खाणारे लोक आहेत, पण पंगतीत गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर तो हट्ट नको.

बाहेरून करपणं आणि आत कच्चं राहणं, हे दुखणं जास्त आचेचं आहे. २२० च्या ओव्हनमध्ये मध्यापर्यंत ६० पोचेपर्यंत बाहेरचे दोन बोटं जाडीचे थर ८०-९० ला जाऊन राखाडी आणि कोरडे झालेले असतात. म्हणून क्रम उलटा करा: आधी मंद आचेवर, १२० अंशांना, आतून शिजवून घ्या आणि अगदी शेवटी २५० वर दहा-बारा मिनिटं ठेवून बाहेरून खरपूस करा. मंद आचेत कडेपासून मध्यापर्यंत जवळजवळ एकच रंग मिळतो. पंखा चालू असलेला ओव्हन असेल तर १०५-११० पुरे.

इथे कोणीतरी तुम्हाला सांगेलच की आधी जोरात भाजून घ्या म्हणजे रस आत कोंडला जातो. ही कल्पना युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केली आणि ती चुकीची आहे. खरपूस थर पाणी अडवत नाही. भाजून झालेला तुकडा तव्यावर चुरचुरत राहतो तो आवाजच मुळी बाहेर पडणाऱ्या रसाचा असतो. वरचा थर हवा तो चवीसाठी. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही प्रक्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये मांडली. तिला साधारण १४० च्या वरचं तापमान आणि कोरडा पृष्ठभाग लागतो. पृष्ठभाग ओला असेल तर ओव्हनची सगळी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं.

तो कोरडेपणा मिठाने मिळतो, आणि सगळ्या तयारीत माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. किलोला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे तुमच्या मांडीला ३० ते ३५ ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर मोजून. चमच्याने नको, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं मावत नाही. आदल्या दिवशी सगळीकडून चोळा आणि मांडी जाळीवर ठेवून, न झाकता फ्रीजमध्ये ठेवा. तासाभराने बघाल तर पाण्याचे थेंब सुटलेले दिसतील. घाबरून पुसून टाकू नका. मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि हळूहळू पुन्हा आत जातं. सकाळी मांडी बाहेर काढाल तेव्हा वरचा भाग कोरडा, गडद आणि बोट लावलं तर किंचित चिकट लागेल. असंच हवं.

मसाल्यांच्या मुरवणाबद्दल लोक फार हळवे असतात. मसाला, लसूण, लिंबू जे काही लावाल ते रात्रभर ठेवलं तरी काही मिलिमीटरच आत जातं. खोलवर जातं ते मीठ. लसणाची चव आत हवी तर अरुंद सुरीने खोल छिद्रं पाडून त्यात पाकळ्यांचे काप खुपसा. आणि वरून वाटण थापणार असाल तर लक्षात घ्या, शेवटच्या २५० च्या आचेत लसूण आणि मसाल्याची पूड करपून कडू होते. वरचा लेप पातळच ठेवा, किंवा मसाला सरळ रश्श्यात घाला.

मांडी गोठवलेली असेल तर ती फ्रीजमध्येच सुटू द्या, दोन-अडीच किलोला २४ तास धरा. म्हणजे तुम्हाला दीड दिवस, आणि त्यानंतर मिठाचा एक दिवस. सणाच्या तीन दिवस आधीच ती फ्रीजरमधून खाली आणा. ओट्यावर ठेवून बर्फ सोडवू नका, आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरचा भाग तासन्‌तास उबदार राहतो. भाजण्यापूर्वी तासभर बाहेर काढून ठेवायची पद्धतही सोडून द्या, एवढ्या मोठ्या तुकड्याचा मधला भाग तासाभरात जेमतेम दोन-चार अंश चढतो. फ्रीजमधून सरळ ओव्हनमध्ये घाला.

आता सणाच्या दिवसाचं वेळापत्रक. ते उलटीकडून मांडायचं. एकला पानं वाढायची, तर पावणेएकला कापायला घ्यायचं. साडेबाराला शेवटची २५० ची आच. त्याआधी अर्धा तास मांडी नुसती ठेवायची, म्हणजे बाराला ती बाहेर हवी. मी त्यात आणखी अर्धा तास सुटीचा धरतो, म्हणजे साडेअकरा. १२० अंशांना एवढ्या मांडीला अंदाजे तीन ते साडेतीन तास लागतात, म्हणून आठला आत. खाली ट्रे, ट्रेवर जाळी, जाळीवर मांडी, म्हणजे हवा खालूनही खेळते.

पहिला बराच वेळ थर्मामीटरचा आकडा हलतच नाही आणि लोकांचा धीर सुटतो. आच वाढवू नका. साधारण नऊनंतर तो चढायला लागेल. मग दर वीस मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. समजा साडेदहाला ४६ आहे आणि गेल्या वीस मिनिटांत ५ अंश चढलेत. मांडी बाहेर काढायची ती ५८ ला, त्याला अजून १२ अंश, म्हणजे साधारण ५० मिनिटं, सव्वाअकराच्या पुढेमागे होईल. मागे पडत असाल तर ओव्हन १४०-१५० करा, फारच पुढे जात असाल तर १०० वर आणा. ओव्हनची कळ आपल्या हातात आहे, आणि तासभर आधी कळलं तर ती फिरवायला वेळही असतो. फक्त दार सारखं उघडून बघू नका.

५८ झाल्यावर बाहेर काढा, ६३ ला नाही. बाहेर काढल्यावरही कडेची उष्णता आत जात राहते, मंद आचेत दोन-तीन अंश आणि शेवटच्या मोठ्या आचेत आणखी थोडे. फॉइल वरून सैलसर टाका, घट्ट गुंडाळलं तर वाफ धरून मेहनतीने कोरडा केलेला पृष्ठभाग पुन्हा ओला होतो. मोठी आच देऊन झाल्यावर मध्यभागी पुन्हा मोजा. ६३ भरले नसतील तर आच उतरवून आणखी थोडा वेळ ठेवा. पाहुणे उशिरा येणार असा फोन आला तर मोठी आच द्यायची थांबा, मांडी ६५-७० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर आरामात राहते. शेवटची आच ते दारात आल्यावर.

मांडी ठेवलेली असते त्या अर्ध्या तासात रस्सा होतो. ट्रेमधली चरबी वरून काढून टाका, गरम पाणी किंवा हाडांचं पाणी घाला आणि तळाला चिकटलेलं तपकिरी सगळं लाकडी चमच्याने खरवडून उकळा. मीठ चाखल्याशिवाय घालू नका, मांसाचं मीठ त्यात आधीच उतरलेलं असतं. मांडीखाली ताटात साठलेला रसही त्यातच ओता.

कापणं. मांडीचे धागे साधारण हाडाच्या दिशेने जातात, म्हणून सुरी हाडाला आडवी धरा. निमुळत्या टोकाला, जिथे हाड बाहेर आलेलं असतं, तिथे डाव्या हाताने कापड घालून पकडा आणि जाड भागावरून हाडापर्यंत अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप सरळ खाली घ्या. आठ-दहा काप झाले की सुरी हाडाच्या बाजूने सपाट फिरवा, सगळे एकदम सुटतात. काप तोंडात तुटायला सोपा जातो तो धागे असे आडवे कापल्यामुळेच. तोच तुकडा धाग्यांच्या दिशेने कापला तर कितीही नीट शिजलेला असो, चावत बसावं लागतं. जरा पुढे गेल्यावर हाडाच्या दुसऱ्या बाजूला धाग्यांची दिशा बदलते, तिथे थांबून बघा आणि मांडी फिरवून घ्या.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडावरून काढून उथळ डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतं. गरम करायचं तर रश्श्यात बुडवून, ७४ अंशांपर्यंत. नाहीतर दुसऱ्या दिवशी पातळ काप करून थंडच खा, मला ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडतं.