कोल्ड अ‍ॅग्लुटिनिनचा पेशंट पहिल्यांदाच पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) घेताना

सायली, रत्नागिरीत आल्या आल्या अशी केस मिळाली म्हणून घाबरू नकोस. पेशंटला गारठू दिलं नाहीस की निम्मं काम झालं.

या आजारात गारठ्याने अँटिबॉडी तांबड्या पेशींना चिकटतात, पेशींचे पुंजके होतात. नवखे चुकतात ते इथेच: सवयीने पेशंटला ३२ अंशांवर नेतात, कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवायचं द्रावण) बर्फगार देतात. तू ३७ च्या आसपासच राहा. कार्डिओप्लेजिया कोमट, रक्त-सलाइन वॉर्मरमधूनच.

रक्ताच्या नमुन्याची नळी निरखून बघ. आतून दाणे दिसले आणि मुठीच्या उबेने विरले, तर भूलतज्ज्ञांना लगेच सांग.

- कोणत्या तापमानाला पेशी चिकटतात, ते रक्तपेढीकडून आधीच लेखी घे.
- थंडीत बोटं निळी पडतात का, विचार. गुहागरच्या एका मासेवाल्या मावशींची बर्फात हात घातला की पडायची; विचारलं म्हणून कळलं.

प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलण्याचं पुढे शिकशील. ओटी (ऑपरेशन थिएटर) मात्र आधीच उबदार करून घे.