सिलिंडर भरलेला, तरी ज्योत मंद

प्रश्न : प्रोपेनचा सिलिंडर भरलेला आहे, तरी ग्रिलची ज्योत बोटभरही उठत नाही. काय करू?

उत्तर : बहुधा रेग्युलेटरने गॅस अडवलाय. बर्नरचे नॉब उघडे असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडला, की गॅसचा तो झोत रेग्युलेटरला गळतीच वाटतो. सगळं बंद करा, रेग्युलेटर काढा, मिनिटभराने जोडा. आता व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा आणि सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर लगेच बंद. पेटवताना झाकण उघडंच हवं, यात हयगय नको.

माझ्या ग्रिलची ज्योत पिवळी, लवलवती झाली होती. बर्नरची नळी काढली, तर हवेच्या तोंडाशी कोळ्याचं कापसासारखं जाळं! बारीक ब्रशने काढलं, ज्योत पुन्हा निळी.