व्रण भरतो की उरतो?

प्रश्न : माझ्या कथेत गंगावेशीतला जुना पैलवान आहे. ‘त्याच्या भुवईवरचा व्रण २० वर्षांनीही लालभडक होता, आणि मनावरचा ठसठसत होता’, असं मी लिहिलंय. माझी डॉक्टर बहीण म्हणते, व्रण म्हणजे जखम, खूण नव्हे. कुणाचं बरोबर?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : शब्दापुरतं दोघांचंही. वैद्यकात व्रण म्हणजे जखमच; पोटातल्या अल्सरला जठरव्रण म्हणतात ते त्याच अर्थानं. सुश्रुतसंहितेत व्रणाचे ६० उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितलेत, तेही जखमेवरचे. जखम भरल्यावर मागे राहते ती ‘व्रणवस्तू’. पण त्याच ग्रंथात व्रण शब्दाची फोड करताना म्हटलंय, की जखम भरली तरी तिची खूण देह आहे तोवर जात नाही, म्हणून तो व्रण. तेव्हा मराठीनं खुणेला व्रण म्हटलं, त्यात चूक नाही. बोलीत त्याचाच ‘वण’ झाला आणि तो निव्वळ खुणेचा राहिला, जसे देवीचे वण.

अडतं ते ‘लालभडक’ आणि ‘ठसठसत’पाशी. वण सुरुवातीचे काही महिने लालसर आणि जरा उंच असतो, कारण जखम भरायला तिथे नव्या रक्तवाहिन्या आलेल्या असतात. त्या ओसरल्या की साधारण वर्ष-दीड वर्षात तो फिका आणि सपाट होतो. त्यावर केस उगवत नाहीत. म्हणून २० वर्षांनंतर पैलवानाच्या भुवईत केसांची एक तिरपी फट दाखवा, टाके पडले असतील तर रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके. हे ‘लालभडक’पेक्षा कितीतरी खरं वाटेल.

ठसठसणं पुवाचं. गळवात पू कोंडला की आतला दाब वाढतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक कळ येते. जुना वण फार तर खाजतो, ओढतो. पैलवानाचं दुःख अजून आत कोंडलेलं असेल, तर ‘मनातलं गळू ठसठसत होतं’ लिहा. ते निवलं असेल पण विसरलं नसेल, तर ‘वण राहिला’. ही दोन निराळी माणसं आहेत. तुमचा पैलवान यातला कोणता, हे आधी ठरवायला हवं.

प्रश्न : ‘सीमाप्रश्न चिघळला’ आणि ‘सीमाप्रश्न पेटला’ यांत फरक आहे का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मोठा आहे. वेळेवर धुतली नाही, पट्टी ओलीच राहिली, की जखम कडेनं पसरते, पाणी सुटतं, मग पू होतो. ते चिघळणं. त्याला दिवस लागतात आणि कुणाची तरी हयगय लागते. एका रात्रीत बसवर दगड पडले, तर प्रश्न पेटला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो, तेव्हा तो चिघळतो. बातमीत सरसकट ‘चिघळला’ लिहिलं, की हयगय कुणाची, हे विचारायचंच राहून जातं.