घराण्याचा इतिहास शोधायला माईंड मॅपचा खरंच उपयोग होतो का?

होतो (माईंड मॅप म्हणजे मधल्या गोलात एक विषय आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या फांद्या), पण मधल्या गोलात स्वतःचं नाव लिहून आजोबा, पणजोबा काढत बसलात तर ती नुसती वंशावळ होते, शोध काही पुढे सरकत नाही. मी दोन वर्षं तेच केलं. मग एका ड्रॉइंग शीटवर मधोमध एकच प्रश्न लिहिला, "पणजोबांचा धाकटा भाऊ कुठं गेला?" आणि फांद्या माणसांच्या न काढता कागदांच्या काढल्या. जमिनीची एक (सातबारा, जुने फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी), जन्ममृत्यूची एक (कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये विचारा), शाळेचं जनरल रजिस्टर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या (तिथं आलेल्या घराण्यांची नावं त्यात असतात), आणि एक घरातल्या म्हाताऱ्यांची. कागद डोळ्यांनी बघितला असेल तर ठळक रेघ, नुसतं ऐकलेलं असेल तर तुटक, एवढाच नियम.

आता आमच्याकडची गंमत. थोरली आत्या ठाम सांगायची, तो मानमोडीत गेला. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, म्हणून तुटक रेघेवर 1918 लिहिलं. (जुनी माणसं साल सांगतच नाहीत हो, प्लेग, पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप असलंच सांगतात, ते 1897, 1961, 1967 असं खाली पट्टीवर लिहून ठेवा, फार कामाला येतं.) आणि जमिनीच्या फांदीवर खापरपणजोबांच्या वारसांचा 1923 चा फेरफार, त्यात दोन्ही भावांची नावं! मेलेल्याला कोण वारस म्हणून लावेल? ती झेरॉक्स वर्षभर फायलीत पडून होती, पण दोन्ही गोष्टी एका शीटवर शेजारी आल्या तेव्हा ट्यूब पेटली. 1918 च्या नोंदी शोधायची खेप वाचली, आता 1923 च्या पुढचं बघतोय.

बायकांना वेगळा रंग द्या, नाहीतर हरवतात. जुन्या कागदात "राणू बिन धोंडी" म्हणजे धोंडीचा मुलगा राणू, "सखू कोम राणू" म्हणजे राणूची बायको, सखूच्या बापाचा पत्ताच नाही, त्यामुळे तिच्यापुढे निदान माहेरचं गाव तरी लिहा.

ॲप मी दोन वापरून सोडली, मोबाईलवर अख्खं चित्र दिसत नाही. मोडी लिपीतल्या कागदांना शीटवर लाल टिकली लावलीय, अकरा झाल्यात, पंधरा झाले की वाचून देणाऱ्या काकांकडे एकदमच जाणार.